फरशीच्या ठेकेदारीला लायसन्स कोणतं लागतं? कागद, प्रमाणपत्र आणि विमा

टाइल्स घ्यायला दुकानात येणारे मिस्त्री हमखास विचारतात, "सर, आता स्वतःचे ठेके घ्यायचेत. फरशीचं लायसन्स कुठं मिळतं?" व्हिडिओत थोडक्यात सांगितलं होतं, इथं नीट लिहून देतो.

सरळ उत्तर असं की महाराष्ट्रात खाजगी घराची फरशी बसवायला वेगळं लायसन्स नाही. पण कागद लागतात. प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारा: हा उद्या माझ्याकडं कोण मागणार?

१. बँक आणि सरकार मागणार

उद्यम नोंदणी आधारवर ऑनलाइन होते आणि फुकट आहे. तिच्यासाठी एजंटला हजार रुपये देऊ नका. ऑफिस किंवा गोदाम असेल तर शॉप अ‍ॅक्ट, म्हणजे आपला गुमास्ता, तोही ऑनलाइन करून घ्या. धंद्याच्या नावानं चालू खातं उघडा. सरकारी इमारतीचं काम हवं असेल तर त्या खात्याची ठेकेदार नोंदणी वेगळी करावी लागते.

२. जीएसटी: हिशोब आधी करा

ठेका ही सेवा धरली जाते. त्यामुळं मर्यादा वर्षाला २० लाखांची. फक्त माल विकणाऱ्याची ४० लाखांची मर्यादा आपल्याला लागू नाही.

समजा, १,००० चौरस फुटांचं काम आहे. नुसती मजुरी २५ रुपये फूट, तर बिल २५,००० चं. मटेरियलसकट ११० रुपये फूट, तर बिल १,१०,००० चं. अशी १९ कामं केली तर मजुरीत उलाढाल ४,७५,००० होते, मटेरियलसकट २०,९०,०००. माणूस तोच, घाम तेवढाच, पण दुसऱ्या हिशोबात जीएसटी लागला. म्हणून सुरुवातीला टाइल्सचं बिल ग्राहकाच्या नावावर होऊ द्या आणि आपलं बिल मजुरीचं ठेवा. मर्यादा जवळ आली की मात्र सीएला भेटा, लपवाछपवी नको.

३. ग्राहक मागणार

हातात कला आहे, पण कागदावर काय? पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत राजमिस्त्री आहे. पात्र ठरलात तर प्रमाणपत्र, ओळखपत्र, प्रशिक्षणात रोजचे ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० पर्यंत मदत मिळते. नोंदणी सीएससी केंद्रावर होते. वेरूळ–म्हैसमाळ रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यासमोर कोटेशनला हे प्रमाणपत्र जोडलं की बोलण्यात फरक पडतो.

४. खुलताबादकरांसाठी खास

आपल्याकडं औरंगजेबाची कबर, जवळच वेरूळची लेणी, अशी केंद्राची संरक्षित स्मारकं आहेत. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या २०० मीटरमध्येही आधी परवानगीच. कायदा मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. "मी फक्त फरशी बदलतोय" असं म्हणून कामाला हात घालू नका. घरमालकाकडून परवानगीची प्रत घ्या, मगच जुनी फरशी उखडा.

५. कामगाराचं घर मागणार

हा सगळ्यात महत्त्वाचा कागद, आणि नेमका हाच लोक टाळतात. कटरचं पातं फुटतं, ओल्यात वायर उघडी राहते. कामावर कामगाराला अपघात झाला तर भरपाई मालकानं द्यायची, हे कायद्यात १९२३ पासून आहे. "तो रोजंदारीवरचा होता" हे कारण चालत नाही. ठेका तुमचा, म्हणजे मालक तुम्ही.

आकडा बघा. मृत्यूची भरपाई म्हणजे महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणांक. मजुरी जास्तीत जास्त १५,००० धरतात. ३० वर्षांच्या माणसाचा गुणांक २०७.९८. म्हणजे ७,५०० × २०७.९८ = १५,५९,८५० रुपये. वरच्या मजुरीच्या हिशोबानं तीन वर्षांची उलाढाल एका दिवसात गेली! आणि त्या घरातला कमावता माणूस गेला तो वेगळाच.

म्हणून कामगार भरपाई विमा घ्याच. माणसं आणि मजुरी खरी लिहा. कमी दाखवून प्रीमियम वाचतो, पण दाव्याच्या वेळी तेच अंगाशी येतं. ग्राहकाची पाइपलाइन फुटली, शेजाऱ्याचं नुकसान झालं, यासाठी थर्ड पार्टी कव्हर वेगळं विचारा.

सोबत प्रत्येक कामगाराचा २० रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा विमा काढा. त्यात अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्याची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून द्या. पण यानं तुमची जबाबदारी संपत नाही, ही त्यांची जादाची ढाल आहे.

कामाचा क्रम

पहिल्या आठवड्यात उद्यम, गुमास्ता आणि चालू खातं. दुसऱ्या आठवड्यात दोन-तीन विमा कंपन्यांचे दर काढा आणि तो खर्च कोटेशनमध्ये फुटामागं धरा. पॉलिसी हातात येईपर्यंत दुसऱ्याच्या हातात कटर देऊ नका.