यात्रेतून काय आणावे?

प्रश्न : महाशिवरात्रीला परमेश्वराच्या दर्शनासाठी हिमायतनगरला येतोय. नातेवाइकांसाठी तिथली खास हस्तकला कोणती घ्यावी?

उत्तर : खरं सांगायचं तर खुद्द हिमायतनगरच्या नावावर गाजलेली हस्तकला नाही. यात्रेतली प्लास्टिकची खेळणी, गिलटाचे दागिने कुठल्याही जत्रेत मिळतात. लेकरांनी हट्ट केला तर घ्या, पण ‘इथलंच आहे’ म्हणून जास्त पैसे मोजू नका.

एक दिवस हाताशी असेल तर भोकर-भैंसामार्गे तेलंगणातलं निर्मल गाठा. तिथली लाकडी खेळणी आणि फळं पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची असतात. जोडायला चिंचोक्याचा लगदा वापरतात. हातात जड लागलं तर शंका घ्या. निर्मलच्या या खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे.

किनवट-माहूर पट्ट्यात बंजारा भरतकाम बघा. कापड उलटं करून पाहायचं! आरसा चारी बाजूंनी टाक्यांनी धरलेला हवा, डिंकाने चिकटवलेला नको. तांड्यावरच्या बाईकडून थेट घेत असाल तर घासाघीस आवरा. त्या टाक्यांत कित्येक दुपारी गेलेल्या असतात.

परतीच्या वाटेवर नांदेडला गुरुद्वाऱ्याजवळ कडं मिळेल. सरबलोहाचं, म्हणजे शुद्ध लोखंडाचं मागा. ते गंजतं, अधूनमधून तेलाचा हात फिरवा.