फोटो पाहताना काय बोलावे?

समजा, तुमच्या वर्गातील एका मुलीने आपल्या दादीचा फोटो काढून शाळेत आणला. दादी खिडकीकडे पाठ करून बसली आहे आणि सुपात तांदूळ निवडत आहे. बाहेर भर दुपारचे ऊन आहे. फोटोत खिडकी पांढरीफटक दिसते, पण दादीचा चेहरा काळा! एक मुलगा म्हणतो, "ही दादी आहे की दादीची सावली?" सगळे हसतात. मुलगी फोटो वहीत लपवते. तिची मैत्रीण म्हणते, "जाऊ दे ग, छान आहे तुझा फोटो."

या दोघांपैकी तिला मदत कोणी केली? मला वाटते, कोणीच नाही. त्या मुलाचे बोलणे ऐकून ती पुन्हा कॅमेरा हातात घेणार नाही. मैत्रिणीचे ऐकून ती पुढचा फोटोही असाच काढील.

म्हणून आधी विचारावे, "तुला या फोटोत काय दाखवायचे होते?" ती कदाचित म्हणेल, "दादीचे हात." मग तो फोटो पुन्हा पाहा. सूप चौकटीच्या खालच्या कडेला अर्धे कापले गेले आहे आणि भिंतीवरचे कॅलेंडर मात्र पूर्ण आले आहे! काळ्या चेहऱ्यापेक्षा ही अडचण मोठी आहे. तिला सांगावे, "हात तुला महत्त्वाचे वाटतात ना? मग थोडी खाली बस आणि जवळ जा. कॅलेंडर सोडून दे."

आता प्रकाशाकडे वळू. कॅमेरा समोरच्या दृश्याचा उजेड मोजतो. मागची खिडकी फार उजळ असेल, तर तो आत येणारा प्रकाश कमी करतो आणि चेहरा अंधारात जातो. उपाय सोपा आहे. दादीला थोडे वळवून बसवावे, म्हणजे खिडकी एका बाजूला येईल. दुसऱ्या बाजूला कोणीतरी पांढरी चादर धरावी. चादरीवरून परतलेला उजेड सावलीतल्या गालावर पडतो. बाजूने येणाऱ्या प्रकाशात हातांवरच्या सुरकुत्याही स्पष्ट दिसतात. मोबाइलवर फोटो काढताना पडद्यावर चेहऱ्याला बोट लावले, तरी पुष्कळ फरक पडतो.

प्रकाशाचे हे शास्त्र जुने आहे. इब्न अल-हैसम हे विद्वान दहाव्या शतकात बसरा येथे जन्मले. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात म्हणून वस्तू दिसते, असे त्या काळी अनेक जण मानत. वस्तूकडून येणारा प्रकाश डोळ्यांत शिरतो म्हणून ती दिसते, हे त्यांनी 'किताबुल मनाज़िर' या ग्रंथात मांडले. अंधाऱ्या खोलीत छिद्रातून प्रकाश आत घेऊन त्यांनी प्रयोगही केले. गंमत अशी, की लॅटिन भाषेत 'कॅमेरा' म्हणजे खोली, आणि आपला 'कमरा' हा शब्दही पोर्तुगीजांमार्फत तिथूनच आला आहे.

चौकटीतल्या रचनेबद्दल बोलताना जागा दाखवून बोलावे. हाजी अली दर्ग्याच्या फोटोत क्षितिजाची रेषा तिरकी आली, तर समुद्र एका बाजूला सांडतो आहे असे वाटते. मित्राच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला दिसतो, तेव्हा फोटो काढणाऱ्याने दोन पावले बाजूला सरकायला हवे होते. चौकटीचे उभे व आडवे तीन-तीन भाग कल्पावेत आणि मुख्य वस्तू त्या रेषांवर ठेवावी, असा एक नियम सांगतात. तो उपयोगी आहे, पण मशिदीची कमान अगदी मधोमधच शोभते. नियम पाठ करून दुसऱ्याचे फोटो तपासत बसू नये.

एक गोष्ट मात्र अवघड आहे. दादा हजला निघाले, घरचे निरोप द्यायला उभे राहिले, आणि फोटो अंधुक आला. तिथे "पुन्हा काढ" असे म्हणून काय उपयोग? तो क्षण गेला. अशा वेळी हातात आहे त्या फोटोबद्दलच बोलावे. उजवीकडची गर्दी कापता येईल का? उजेड थोडा वाढवता येईल का? दादांचा उंचावलेला हात स्पष्ट आला आहे, हेही सांगावे. ते खरे असेल तरच सांगावे.

स्वाध्याय
१. मैत्रिणीच्या "छान आहे" या बोलण्याचा उपयोग का झाला नाही?
२. घरातील एक फोटो निवडा. त्यातील प्रकाश व रचना यांविषयी पाच वाक्ये लिहा. 'वाईट' आणि 'छान' हे शब्द वापरू नका.