सुधर्म आणि तारक : गुरुचरित्रातील दोन बालमित्र

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष लागला की आमच्या पावसला घरोघर फडक्यात बांधलेल्या पोथ्या बाहेर निघतात. दत्तजयंतीला समाप्ती होईल अशा बेताने श्रीगुरुचरित्राचा सप्ताह धरायचा, हा आमच्या घरचा जुना पाठ. वयाची सत्तरी ओलांडली तरी आजवर तो चुकला नाही. सप्ताहाच्या चौथ्या दिवशी तेहेतिसावा आणि चौतिसावा हे अध्याय येतात. ते आले की माझा आवाज थोडा अडखळतो. का अडखळतो, ते यंदा लिहून टाकावं म्हणतो.

मी अकरा वर्षांचा होतो आणि माझा मित्र बारा. त्याचं घर आमच्या घरापासून दोन गडगे ओलांडून. शाळा, नदीवरचं पोहणं, आंब्याच्या दिवसांतली राखण, सगळं बरोबर. त्याच्या घरी ओटीवर त्याचे आजोबा पोथी वाचीत आणि आम्ही दोघं खांबाला टेकून ऐकत असू. खरं सांगायचं तर निम्मं लक्ष प्रसादाकडे असायचं. पण त्या चौथ्या दिवशी दोन मुलांची गोष्ट आली आणि आम्ही सरसावून बसलो.

गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊकच आहे, तरी थोडक्यात सांगतो. काश्मीरचा राजा भद्रसेन. त्याचा मुलगा सुधर्म आणि प्रधानाचा मुलगा तारक. दोघे एका वयाचे, एकमेकांवाचून घास न घेणारे. अंगावर सोन्याचे दागिने घातले तर काढून टाकीत, गळ्यात रुद्राक्ष घालीत, अंगाला भस्म लावीत. राजा चिंतेत पडला. पराशर ऋषी आले तेव्हा त्यांनी मुलांचा पूर्वजन्म सांगितला. नंदिग्रामात एक गणिका होती. तिने करमणुकीसाठी एक माकड आणि एक कोंबडा पाळला होता आणि दोघांना रुद्राक्ष बांधले होते. मंडपाला आग लागली, त्यात दोघेही जळाले. माकड झाला सुधर्म, कोंबडा झाला तारक.

पुढे राजाने मुलाचं भविष्य विचारलं. ऋषी म्हणाले, याला बारावं वर्ष आहे आणि आजपासून सातव्या दिवशी मृत्यू आहे. मग रुद्राचं अनुष्ठान बसलं. सातव्या दिवशी मुलगा निपचित पडला. अभिषेकाचं तीर्थ शिंपडलं तेव्हा तो उठून बसला. नारदांनी येऊन उलगडा केला की चित्रगुप्ताच्या लेखात बाराव्या वर्षीचं मरण होतं, पण ते टळलं तर पुढे दहा हजार वर्षांचं आयुष्यही होतं.

आजोबांनी अध्याय संपवला तसा माझा मित्र मध्येच बोलला, "आजोबा, ते सात दिवस तारक काय करीत होता?"

आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पोथी ऐकावी. मध्ये बोलू नये."

तो गप्प बसला. पण रात्री गडग्यावर बसून मला म्हणाला, "मी तारक असतो तर हलतो कशाला? तिथंच बसून राहिलो असतो."

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला पन्नास वर्षं लागली.

मोठेपणी पोथी समजून वाचू लागलो तेव्हा काही गोष्टी ध्यानात आल्या. पहिली अशी की, माकडाने आणि कोंबड्याने स्वतः काही पुण्य केलेलं नव्हतं. रुद्राक्ष दुसऱ्याने बांधले, तेही हौसेखातर. म्हणजे आपल्या गळ्यात जे चांगलं पडतं ते पुष्कळदा दुसऱ्याच्या हातून पडतं. मला पोथीची गोडी लागली ती मित्राच्या आजोबांमुळे आणि मित्र ओढून नेई म्हणून.

दुसरी गोष्ट प्रारब्धाची. पोथी ते नाकारत नाही. पराशरांनी राजाला खोटा धीर दिला नाही, दिवस मोजून सांगितले, आणि त्याच तोंडाने उपायही सांगितला.

तिसरी गोष्ट कळायला मागे जावं लागतं. ही कथा श्रीगुरू गाणगापुरात कुणाला सांगतात? माहूरहून आलेल्या एका स्त्रीला. तिच्या नवऱ्याचं नाव दत्त. तोही दत्ताच्या कृपेने झालेला, आणि त्यालाच क्षयाने गाठलं. तिसाव्या अध्यायात तिची सेवा वर्णिली आहे. नवरा जेवेल तितकंच ती जेवी, त्याला दिलेलं औषध आपणही घेई. पोथी औषध आणि अंगारा यांत भांडण लावीत नाही. आणि नुसती काळजी करणं निराळं, आजाऱ्याच्या अंथरुणाशी बसणं निराळं, हेही ती दाखवते.

हे मी वाचलं होतं, वाखाणलंही होतं. करायची वेळ आली तेव्हा मात्र चुकलो.

साठीच्या आतच माझ्या मित्राला असाध्य दुखणं जडलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी पेटून उठलो. चौतिसावा अध्याय डोळ्यांसमोर होता. म्हटलं, रुद्र बसवायचा. ब्राह्मण ठरवणं, सामान आणणं, मुंबईच्या मंडळींना फोन, वर्गणी, जेवणाची पानं. दिवसातून चारदा त्याच्या घरी जाई, पण यादी हातात घेऊन. तो खाटेवरून म्हणे, "बस रे जरा." मी म्हणे, "आलोच." असं तीन-चार दिवस चाललं. अनुष्ठान यथासांग झालं. त्यानंतर आठवड्याने, मी दक्षिणेचा हिशेब मिटवायला रत्नागिरीला गेलो असताना, तो गेला.

पुढची दोन वर्षं मी चौतिसावा अध्याय मनातून रुसून वाचला. सुधर्म उठला, मग हा का नाही? एका जाणत्या गृहस्थांनी समजावलं, अपमृत्यू टळतो. आयुष्यच सरलं असेल तर ते कसं वाढणार? पटलं. तरी सल गेला नाही. मग उमगलं की माझं भांडण देवाशी नव्हतंच. तो गेला यापेक्षा, तो "बस" म्हणाला आणि मी बसलो नाही, हे मला खात होतं. तारक सात दिवस काय करीत होता याचं उत्तर त्याने बाराव्या वर्षीच देऊन ठेवलं होतं.

या दिवसांत मला आमच्या स्वामी स्वरूपानंदांचा मोठा आधार वाटला. पावसचे रामचंद्र विष्णु गोडबोले, गावाचे अप्पा. जन्म 15 डिसेंबर 1903. पुण्याच्या गणेशनाथांकडून नाथपंथाचा अनुग्रह. 1932 साली स्वातंत्र्यलढ्यात येरवड्याचा तुरुंगवास. 1934 साली ऐन तिशीत ते इतके आजारी झाले की मृत्यू दाराशी येऊन गेला. तो टळला, पण शरीर पूर्वीसारखं झालं नाही. देसायांच्या घरातल्या एका खोलीत ते पुढची चाळीस वर्षं राहिले. तिथेच 'श्रीमत् अभंग ज्ञानेश्वरी' झाली, आणि 15 ऑगस्ट 1974 रोजी तिथेच समाधी. लहानपणी आम्ही दोघं दर्शनाला जात असू. तेव्हा वाटे, हे कुठे जात-येत नाहीत, मग लोक एवढे का येतात? आता वाटतं, त्यांच्यापाशी घटकाभर बसायला मिळे म्हणूनच येत. आणि एका कुटुंबाने दुसऱ्या घरच्या आजारी माणसाला चाळीस वर्षं आपलं म्हटलं, ही श्रद्धा काय लहान म्हणायची?

वाचकहो, अनुष्ठान करू नका असं मी म्हणत नाही. जरूर करावं, औषधोपचारही सोडू नयेत. पण अनुष्ठानाची धावपळ दुसऱ्या कुणावर सोपवता आली तर सोपवावी आणि आपण खाटेशी बसावं. आपल्या वयाला आता मित्र थोडे उरले आहेत. कुणी अंथरुणाला खिळला असेल तर बेसनाचे लाडू नि उपदेश नेण्याआधी तासभर वेळ न्यावा.

मी आता दर गुरुवारी गावातल्या एका आजारी गृहस्थांकडे जाऊन बसतो. त्यांना पोथी ऐकायची असली तर वाचतो. नसली तर आम्ही आंब्याच्या मोहोराबद्दल बोलतो, नाहीतर काहीच बोलत नाही. आणि सप्ताहाच्या चौथ्या दिवशी पोथी घेऊन मित्राच्या ओटीवर जातो. वहिनी खांबाशी दोन पाट मांडतात. एकावर मी बसतो.

श्रीगुरूंच्या चरणी एवढंच मागणं, की कुणी "बस" म्हणालं तर बसायची बुद्धी द्यावी.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥