थेट बॅरिस्टरांच्या दारी

करावे गावची आमची भातखाचरे नव्या मुंबईसाठी संपादित झाली, तेव्हा ठरलेला मोबदला तीर्थरूपांस मान्य नव्हता. म्हणून 1894 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 18 अन्वये त्यांनी ठाण्याच्या न्यायालयाकडे वाढीची मागणी नेली, आणि वर्षानुवर्षे तारखांचे हेलपाटे घातल्यावर निकाल लागला त्यात वाढ होती खरी, परंतु ती तुटपुंजी होती. हायकोर्टात अपील करण्याचे ठरले तोवर वडील निवर्तले होते, आणि जमिनीच्या दाव्याबरोबर त्यांची एक श्रद्धाही माझ्या वाट्यास आली होती : प्रकरण मोठे असेल तर मधल्या वकिलाच्या नादी न लागता थेट बॅरिस्टरास गाठावे.

त्या श्रद्धेपायी मी फोर्टातील एका नामांकित ज्येष्ठ वकिलांच्या चेंबरच्या पायऱ्या झिजवू लागलो. कारकून ‘साहेब कोर्टात आहेत’ एवढेच सांगे, आणि मी देवदर्शन हुकलेल्या भाविकासारखा, कागदांचे बाड काखोटीस मारून हार्बर लोकलने परतत असे. अखेर गाठ पडली, तेव्हा त्यांनी बाड सोडलेही नाही. ‘तुमचे वकील कोठे आहेत?’ एवढेच विचारले.

नकार माणसाचा नव्हता, नियमाचा होता. 1961 च्या अधिवक्ता कायद्याखाली ज्यास सीनियर हा दर्जा मिळाला, त्यास वकीलपत्र दाखल करता येत नाही, पक्षकाराकडून थेट काम घेता येत नाही, आणि सोबत दुसरा वकील असल्यावाचून उभेही राहता येत नाही. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत सॉलिसिटरामार्फतच बॅरिस्टर नेमण्याची जी वहिवाट होती ती 1977 च्या आरंभी कायद्याने संपली, हे मी ऐकून होतो. विलायतेतही 2004 पासून पक्षकारास बॅरिस्टर परस्पर नेमता येतो, हेही एका पुतण्याने ऐकवले होते. अर्धवट ज्ञानाइतका महाग सल्लागार नाही!

करावे, दारावे, सारसोळे येथील माझ्या प्रकल्पग्रस्त बांधवांनी म्हणून प्रथम साधा, कामसू वकील पाहावा. निकालाच्या दिवशीच सहीशिक्क्याच्या नकलेचा अर्ज टाकावा. वकीलपत्र वाचून सही करावी. सीनियरची निवड त्या वकिलाच्या विचाराने करून दोघांची फी आधीच निरनिराळी ठरवून घ्यावी. ‘साहेब माझ्या ओळखीचे’ म्हणणाऱ्या दलालास ओटीवरच थांबवावे. 1894 च्या कायद्याखालील अपिलाची मुदत 90 दिवसांची. नक्कल मिळण्यास लागलेला काळ त्यातून वजा होतो, चेंबरबाहेर बाकावर काढलेला होत नाही.

माझे अपील मुदतीनंतर पाच महिन्यांनी दाखल झाले. विलंब माफ झाला, वाढही मिळाली. परंतु त्या पाच महिन्यांचे व्याज न्यायालयाने नाकारले, आणि त्या व्याजाचा दर शेकडा 15 होता. 2013 च्या नव्या कायद्यात तर अपिलाची मुदत 60 दिवस आहे, आणि न्यायालयास ती फार तर आणखी 60 दिवसच वाढवता येते. आज माझे पाच महिने कोणीही माफ केले नसते.