सहलेखन : ‘बहिणाबाईंची गाणी’ आणि लेखनिकाची जबाबदारी



‘सहलेखन’ म्हटले की दोन लेखकांनी विचारविनिमय करून लिहिलेली एखादी कादंबरी किंवा नाटक आपल्या डोळ्यांसमोर येते. मराठीत सहलेखनाचे आणखी दोन प्रकार आढळतात. पहिला प्रकार अपुऱ्या कृतीच्या पूर्तीचा. रेव्हरंड ना. वा. टिळक यांचे १९१९ मध्ये निधन झाले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे काव्य अपुरे होते. ते लक्ष्मीबाई टिळकांनी पुढे नेले. दुसरा प्रकार म्हणजे एकाने रचावे आणि दुसऱ्याने लिहून घ्यावे. या प्रकाराचे ठळक उदाहरण जळगावात सापडते.

बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचा जन्म जळगावजवळच्या असोदे येथे झाला. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर काम करताना त्या गाणी रचत. त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी, आणि सोपानदेवांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही गाणी टिपून ठेवली. बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जी लिहिली गेली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली. लेखनिकाच्या कामाचे मोल येथे लक्षात येते.

आता या कामातील अडचण पाहू. लेवा गणबोलीत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो. ‘डोळा’ हा शब्द ‘डोया’ होतो, ‘ओढाळ’ हा शब्द ‘वढाय’ होतो. लेखनिकाने ‘काया’ असे लिहिले, तर अपरिचित वाचक त्याचा अर्थ ‘शरीर’ असा घेईल. ‘काळा’ असे लिहिले, तर अर्थ कळेल, पण रचणारीचा उच्चार पुसला जाईल आणि कदाचित यमकही मोडेल. प्रत्येक शब्दापाशी लेखनिकाला असा निर्णय घ्यावा लागतो. ओळ कोठे तोडावी, विरामचिन्ह कोठे द्यावे, हेही त्यालाच ठरवावे लागते. म्हणून छापील संहितेत त्याचा वाटा असतोच. सोपानदेव स्वतः प्रमाण मराठीत लिहिणारे कवी होते. तरीही छापील गाण्यांत ‘वढाय’सारखी रूपे टिकून आहेत. आपली लेखणी हाती असताना दुसऱ्याची वाणी जपणे, हा या सहलेखनाचा पहिला नियम होय.

गाणी बहिणाबाईंचीच आहेत, हे ग्रंथाचे नावच सांगते. श्रेय रचणारीचे, उत्तरदायित्व मात्र दोघांचे, असा या प्रकाराचा न्याय आहे.

स्वाध्याय

१. सहलेखनाचे वरील तीन प्रकार सोदाहरण स्पष्ट करा.

२. आपल्या घरातील किंवा गावातील एखाद्या वृद्ध स्त्रीकडून, तिच्या संमतीने, जात्यावरची एक ओवी लिहून घ्या. उच्चार सुधारू नका. लिहिलेली ओवी तिला वाचून दाखवा आणि तिने सुचवलेले बदल स्वतंत्रपणे नोंदवा. ओवीखाली प्रथम तिचे नाव लिहा, नंतर आपले.