अल्पप्रमाणाचे इंग्रजी शब्द

माती-परीक्षणाची पत्रिका, औषधाच्या डब्यावरील चिठ्ठी आणि निर्यातीच्या मालाचा रेसिड्यूचा अहवाल, ही तीन कागदपत्रे हल्ली बागाईतदाराच्या घरी वारंवार येतात. तिन्हींत अगदी थोडे प्रमाण दाखविणारे इंग्रजी शब्द असतात, आणि ते सारे आपण ‘किंचित’ या एकाच अर्थाने वाचून पुढे जातो. ही सवय फार महाग पडते. म्हणून त्यांपैकी नित्य कामाचे तेवढे शब्द येथे समजावून देण्याचे आम्ही योजिले आहे.

थोडके मोजण्याची विद्या आपणांस नवी नाही. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे कोष्टक आपल्या आजोबांस तोंडपाठ होते. तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, तेव्हा एक गुंज भरली सुमारे १२१ मिलिग्रॅम. इंग्रजांचा ‘ग्रेन’ हाही मूळचा धान्याचा दाणाच होय, आणि १८० ग्रेनांचा तोळा त्यांनीच ठरविला. दोन्हीकडे मापाचा आरंभ शेतातील बीजापासून झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दाण्याहून लहान वस्तू मोजण्याची वेळ आली तेव्हा ग्रॅमच्या मागे उपपदे लावण्यात आली. ‘मिलि’ म्हणजे हजारावा भाग, ‘मायक्रो’ म्हणजे दशलक्षावा, आणि ‘नॅनो’ म्हणजे अब्जावा. नॅनो हा ग्रीक शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘खुजा’ असा आहे. चिठ्ठीवर मिलिग्रॅमसाठी ‘एमजी’ आणि मायक्रोग्रॅमसाठी ‘एमसीजी’ अशी अक्षरे असतात. दोहोंत अंतर एका अक्षराचे, परंतु मापात हजारपटीचे.

हे माप किती खोल जाते याचे उदाहरण आमच्या पिंपरीतच आहे. येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढील वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिनचे एक ‘युनिट’ म्हणजे ०.६ मायक्रोग्रॅम, दहा लाख युनिटे एकत्र केली तरी भरतात केवळ ६०० मिलिग्रॅम, म्हणजे पाच गुंजा. (याच कारखान्यात हॅमायसिन ज्या सूक्ष्म जीवापासून मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव गोवलेले आहे. गावास असा मान क्वचितच मिळतो!)

आता ‘पीपीएम’ पाहू. ‘पार्ट्स पर मिलियन’, अर्थात दशलक्ष भागांत एक भाग. पाण्याच्या बाबतीत लिटरात एक मिलिग्रॅम म्हणजे एक पीपीएम, आणि शेकडा एक म्हणजे दहा हजार पीपीएम. याच कारखान्याच्या स्ट्रेप्टोसायक्लिनची ६ ग्रॅमची पुडी ६० लिटर पाण्यात घातली, तर द्रावण १०० पीपीएमचे होते. हे उदाहरण मात्र हिशेबापुरतेच घ्यावे. रोगजंतूंस अशा औषधांची सवय जडते म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने त्याचा शेतीतील वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला.

हिशेब चुकला म्हणजे काय होते ते आमच्यापैकी एकाने अनुभविले आहे. जिबरेलिक ॲसिड १० पीपीएम करावयाचे, म्हणजे १ ग्रॅम औषधास १०० लिटर पाणी हवे. ते दहा लिटरांत विरघळवून फवारले गेले. घडांचे देठ जाड व ताठर झाले आणि तो बहर हातचा गेला. एक शून्य तेवढे राहून गेले होते.

मातीच्या पत्रिकेतही हेच. जस्त ०.६ पीपीएमहून कमी आल्यास जमिनीत त्याची उणीव समजतात. एकरातील वरच्या सुमारे १५ सेंटिमीटर थराची माती साधारण ९ लाख किलो धरली, तर हे जस्त सुमारे अर्धा किलो होते. अर्धा किलो कमी की जास्त, यावर साऱ्या एकराचे पीक अवलंबून राहते.

‘पीपीबी’ याहूनही हजारपट बारीक. अब्ज भागांत एक. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘बिलियन’चा अर्थ दशलक्ष गुणिले दशलक्ष असा असे, हल्ली अब्ज असाच घ्यावा. २०१० साली महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात नाकारली गेली ती याच मापाने. खरड छाटणीनंतर वाढ रोखण्यासाठी वापरतात त्या क्लोरमेक्वॅट क्लोराईडचा, म्हणजे आपल्या बोलण्यातील सीसीसीचा, अंश तेथील मर्यादेपेक्षा अधिक निघाला. मर्यादा होती किलोस ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० पीपीबी. दहा टन द्राक्षांमागे हा हिशेब अर्ध्या ग्रॅमचा पडतो, म्हणजे चार गुंजांचा. तेवढ्यावरून कर्ज काढून वाढविलेला माल परका ठरला.

राहिले ‘ट्रेस’, ‘बीडीएल’ आणि ‘निल’. ‘ट्रेस’ म्हणजे वस्तू आहे, परंतु मोजता येईल इतकी नाही. हवामान खाते पावसाच्या चार थेंबांसही हाच शब्द लावते. ‘बीडीएल’ म्हणजे प्रयोगशाळेच्या यंत्रास दिसेल त्याहून कमी. यंत्र ०.०१ पर्यंतच पाहू शकत असेल, तर त्याखाली काय आहे ते अहवाल सांगत नाही. ‘निल’ हा शब्द शून्य म्हणतो खरा, पण तोही त्या यंत्राच्या दृष्टीपुरताच. म्हणून अहवाल हाती येताच आकड्याआधी मापाची अक्षरे वाचावीत, आणि ‘बीडीएल’ लिहिले असल्यास मर्यादा किती धरली होती ते प्रयोगशाळेस विचारावे. ती बहुधा त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली असते.