टाकून देण्याची जबाबदारी

जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये, सीएमएस प्रयोगात, मी ट्रिगरचं काम करते. कोणती टक्कर नोंदवायची आणि कोणती सोडून द्यायची, हे ठरवणारी ही यंत्रणा. एलएचसी या कणत्वरकाच्या २७ किलोमीटरच्या वर्तुळात प्रोटॉनचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी समोरासमोर येतात. त्या सगळ्या वेळांचा डेटा साठवणं कोणालाही शक्य नाही. सेकंदाला काही हजार नोंदी उरतात, बाकीच्या कायमच्या जातात. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी सहा गोष्टी सांगते.

१. विश्लेषण चुकलं तर पुन्हा करता येतं, ट्रिगर चुकला तर नाही.
हिग्ज बोसॉन सापडल्याचं ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झालं. अब्जावधी टकरींत एखाददुसराच हिग्ज तयार होतो. तो हाती लागला, कारण दोन फोटॉन किंवा चार लेप्टॉन दिसले तर नोंद ठेवायची, हे आधीच ठरलेलं होतं. शोधनिबंधात ट्रिगरला थोडीच जागा मिळते. माझ्या मते हे फार कमी आहे.

२. सरासरी वेगावर जाऊ नका.
२५ नॅनोसेकंदांत प्रकाश साडेसात मीटर जातो. सीएमएस २१ मीटर लांब आहे. म्हणजे एका टकरीतला म्युऑन टोकाकडच्या कक्षांत पोहोचेपर्यंत पुढची टक्कर होऊन गेलेली असते. त्यामुळे प्रत्येक संकेत नेमक्या कुठल्या टकरीचा, हे आधी ठरवावं लागतं. पहिल्या पातळीच्या ट्रिगरला निर्णयासाठी मिळतात जेमतेम चार मायक्रोसेकंद, आणि त्यातलाही बराच वेळ केबलमध्येच जातो. तोवर डेटा डिटेक्टरवरच्या स्मृतीत थांबून राहतो. निर्णय घेतात ते एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी हवी तशी ठरवता येणाऱ्या चिप. इथे प्रत्येक वेळी घड्याळाचे ठरलेलेच ठोके लागायला हवेत. एरवी वेगाने चालणारा पण मधूनच रेंगाळणारा प्रोग्राम इथे निरुपयोगी. या पातळीवर सेकंदाच्या चार कोटींतून सुमारे एक लाख उरतात. त्यांची सावकाश छाननी पुढे संगणकांच्या ताफ्यात होते. सावकाश म्हणजे सेकंदाच्या काही दशांशांत.

३. आपल्या नोंदींत कोण येऊच शकत नाही, हे विचारा.
मला सर्वांत मोलाची वाटते ती २०१६ आणि २०१७ च्या डेटातली गोष्ट. ती सीएमएसने स्वतःच निबंधांत तपशिलाने मांडली आहे. ऊर्जा मोजणारे लेड टंगस्टेटचे स्फटिक किरणोत्सर्गाने हळूहळू पारदर्शकता गमावतात. त्याबरोबर संकेताची वेळही किंचित सरकत गेली. टोकांकडच्या भागातले काही संकेत आधीच्या टकरीच्या नावावर जमा होऊ लागले. ट्रिगरने ती आधीची टक्कर स्वीकारली. एक टक्कर घेतली की लगेचच्या पुढच्या दोन घ्यायच्या नाहीत असा नियम असल्यामुळे खरी, हवी ती टक्कर बाद झाली.

आता यातली मेख बघा. कार्यक्षमता आपण मोजतो नोंदवलेल्या घटनांवरून, आणि गमावलेली घटना तर नोंदींत नाहीच! नेहमीच्या तपासणीत आकडे उत्तम दिसत राहतात. नुकसान मोजलं गेलं ते एका सुंदर युक्तीने. तीन टकरी आधीच एक नोंद घेतली गेली असेल, तर त्याच नियमामुळे मधल्या दोन टकरी आपोआप बंद असतात. मग त्यांच्या पुढची घटना या दोषातून सुरक्षित राहते. अशा थोड्या घटना वेचून तुलना झाली आणि दुरुस्तीचे गुणक काढले गेले. ट्रिगरमध्ये येणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळातून वाचावं.

४. थोडं निवड न करता ठेवा.
आपण काय गमावतोय हे कळावं म्हणून काही नोंदी केवळ ठरावीक प्रमाणात, आत काय आहे हे न बघता घेतल्या जातात. त्यांना जागा लागते, म्हणून कपात करायची वेळ आली की पहिली नजर त्यांच्यावर जाते. तिथे ठाम राहा.

५. ऊर्जेची मर्यादा कुठे ठेवायची, हा भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे.
मर्यादा वर नेली की दर आटोक्यात येतो, पण हलके किंवा उशिरा विघटन पावणारे नवे कण असतील तर तेही निसटतात. म्हणून वेगळ्या वाटा शोधल्या गेल्या. सीएमएस काही घटनांचा कच्चा डेटा न ठेवता फक्त सारांश ठेवतं आणि त्या बदल्यात कितीतरी जास्त घटना टिपतं. एलएचसीवरच्याच एलएचसीबी प्रयोगाने तर २०२२ पासून हार्डवेअर ट्रिगर काढूनच टाकला आणि पहिली गाळणी जीपीयूवर नेली. सीएमएसमध्ये २०२४ पासून एफपीजीएवरचं न्यूरल नेटवर्क काहीतरी वेगळं दिसलं की घटना राखून ठेवतं. मला हे पाऊल आवडतं. मात्र बिघडलेला डिटेक्टरही वेगळाच दिसतो, तेव्हा माणसाचा पहारा हवाच.

६. हे शिकायला भौतिकशास्त्राची पदवीच हवी असं नाही.
एलएचसीच्या पुढच्या टप्प्यात, म्हणजे उच्च-दीप्ती एलएचसीत, एकाच वेळी २०० पर्यंत टकरी होतील आणि पहिली पातळी सेकंदाला साडेसात लाख घटना पुढे पाठवेल. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सची माणसं लागणार आहेत. मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था सीएमएसमध्ये आहेच. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य असल्यामुळे तिथल्या मुदतीच्या पदांसाठी भारतीयांना अर्ज करता येतो. आणि नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतही ३० अँटेनांचे संकेत एफपीजीए आणि जीपीयूवरच तिथल्या तिथे जुळवले जातात. अभियांत्रिकीच्या मुलामुलींनो, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडताना या कामाचा जरूर विचार करा.